खंडेनवमीची बॅटरी

नेकनूरच्या बसस्टँडवरून बाजारतळाकडे वळलात की उजव्या हाताला जळक्या तांब्याच्या तारेचा वास येतो. तिथं बसवेश्वरचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तो नव्या तारेनं भरून देतो. पाटीवर 'हलगे मोटार रिवायंडिंग' असं लिहिलेलं आहे, पण गावात कोणालाही विचारा, 'विमानवाल्याचं दुकान' म्हटल्याशिवाय पत्ता सांगणार नाही. छताच्या आढ्याला तीन विमानं टांगलेली असतात. खरी उडणारी, रिमोटवरची, त्यानं स्वतः बनवलेली.

मी शहादेव. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि बसवेश्वरचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र आहे. हे मी त्याचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक मी आयुष्यभर केलं, चारचौघांत आणि मोठ्या आवाजात, कारण त्याच्या विमानाशेजारी उभं राहिलं की लोक माझ्याकडेही बघायचे. मी त्याचं एक वाईट केलं आणि आठ महिने तोंड शिवून बसलो. ते सांगायचं आहे. मध्येच मी सारवासारव करू लागलो तर ओळखून घ्या, ती खोड मला आहे.

विमानाचं वेड त्याला लागलं ते पंधरा वर्षांपूर्वी. तांब्याची तार आणायला तेव्हाच्या औरंगाबादला गेला होता. शहराबाहेरच्या मैदानावर एक रिटायर फौजी छोटं विमान उडवत होता. बसवेश्वर बघत बसला, दोन एसट्या चुकल्या, आणि तिसऱ्या एसटीनं आला तो पिशवीत मुठीएवढं जुनं तेलावरचं इंजिन घेऊन. तार आणायची राहिलीच. घरी आल्यावर इंजिनाच्या पुढच्या पंख्याला बोटानं झटका देऊन त्यानं ते चालू करायला पाहिलं. इंजिन उलटं फिरलं आणि बोटाला चार टाके पडले.

त्या चार टाक्यांतून त्याचे सगळे नियम निघाले. इंजिन बोटानं फिरवायचं नाही, सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या दांडक्यानं फिरवायचं. पंख्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूलाही नाही, कायम मागं. पुढं तेलाचं इंजिन जाऊन बॅटरीवरची मोटार आली तेव्हा नियम आणखी कडक झाले. आधी रिमोट चालू करायचा, वेगाची दांडी पार खाली आहे हे बघायचं आणि सगळ्यात शेवटी बॅटरी जोडायची. विमान उतरलं की सगळ्यात पहिली बॅटरी काढायची. टेबलावर विमान असलं की पंखा काढून ठेवायचा. चार्जिंग घरात नाही, ओट्यावर, वाळू भरलेल्या कुंडीत, आणि चार्जिंग होईस्तोवर हा शेजारी स्टूल टाकून राखण करणार. बॅटरी जरा फुगलेली दिसली की बाद, मग ती कितीही महाग असो.

"तेलाचं इंजिन आवाज करून सांगतंय तरी, मी चालू हाय म्हणून," तो म्हणायचा. "बॅटरीची मोटार गप पडलेली असती. दिसाया मेलेली, पण मेलेली नसती."

मी त्याला लई चिडवायचो. एवढं सोवळं तर तुझ्या घरात देवाचंही नाही, म्हणायचो. तो हसायचा, पण पंखा काढायचाच.

त्याच्या बायकोला, गंगासागर वहिनींना, विमानांचा राग होता असं नाही, पण लाडही नव्हता. त्या ब्लाउज शिवायच्या. वडवणीपासून बायका माप द्यायला यायच्या, कारण वहिनींची हातशिलाई. गळपट्टीला आतून मारलेला टाका बाहेरून दिसायचा नाही. सुई चिमटीत धरली की त्या बोलता बोलता, इकडं तिकडं बघत शिवत राहायच्या. बोटालाच दिसतंय, असं म्हणायच्या.

आता गेल्या खंडेनवमीचं सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरोघर हत्यारांची पूजा असते. शेतकरी कोयता-कुदळ मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो, मी आपला शाळेचा लॅपटॉप मांडतो. बसवेश्वर दुकानात सतरंजी टाकून तार गुंडाळायचं यंत्र, पाने, पक्कड, सगळं विभूती लावून मांडायचा. त्या वर्षी त्यानं नवीन विमान बनवलं होतं. पंखांच्या टोकांना लाल-हिरवे दिवे होते. ते पाटावर ठेवलं होतं, पुढ्यात रिमोट. पंखा अर्थातच काढलेला.

मी नवे कपडे घालून पोचलो आणि म्हणालो, "आरं, नाक कापून नवरदेव मिरवायलास व्हय? पंखा लाव की. आज पूजा हाय."

तो जरा घुटमळला. "लावायचा नसतो बे घरात."

"बॅटरी न्हाई ना आत? मग कावून भितोस?"

बॅटरी आत जोडलेली नव्हती. ती विमानाच्या पोटातल्या खाचेशेजारी सुटी पडली होती. सकाळी दिवे तपासून त्यानं काढली होती, हे त्यानंच मला सांगितलं. माझ्या बोलण्याला भुलून त्यानं पंखा बसवला, नट आवळला आणि नारळ सोलायला मागच्या अंगणात गेला.

मी एकटा राहिलो. विमान छान दिसत होतं, पण दिवे बंद. मला स्टेटसला व्हिडिओ टाकायचा होता. 'आमच्या मित्राची कमाल, खंडेनवमीच्या शुभेच्छा', असं काहीतरी. पंधरा वर्षं बघत आलेलो, क्रम मला पाठ होता. रिमोट चालू केला, दांडी खाली आहे बघितलं, बॅटरी खाचेत सरकवली, वायर जोडली. विमानानं बारीक शीळ घातली आणि दिवे लागले. चौदा सेकंदांचा व्हिडिओ काढला. आता बॅटरी काढणार, तेवढ्यात आमच्या हेडमास्तरांचा फोन आला. दुकानात रेंज धड नसते, म्हणून मी बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेलो. बोलता बोलता एकीकडे तो व्हिडिओ स्टेटसला चढवलासुद्धा. बॅटरी डोक्यातून गेली.

वहिनी आतून ताट घेऊन आल्या. त्यांच्यासाठी ती दरवर्षीसारखीच पूजा होती. हळदकुंकू यंत्राला, पक्कडीला, मोटारसायकलला, आणि मग विमानाला. पूजा समोरूनच करतात, देव असो की मोटार, पाठीमागून कुंकू कोण लावतं? पंख्याच्या मधोमध कुंकू लावायला त्यांनी उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं झेंडूचा हार रिमोटवर घालून नीट दाबून बसवला. हाराखाली दांडी वर सरकली.

आवाज मी रस्त्यावरून ऐकला. पंख्याचा, मग ताट पडल्याचा, मग वहिनींचा.

मी आत आलो तेव्हा बसवेश्वरनं हार फेकून दांडी खाली ओढली होती आणि बॅटरीची वायर उपसून काढली होती. वहिनींच्या तर्जनीचं पेर गेलं होतं. मधलं बोट फाटलं होतं. कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं ते कळत नव्हतं. बसवेश्वर हातातल्या बॅटरीकडं बघत म्हणाला, "मी काढलती की ही. सकाळी काढलती. मी... काढली न्हाई का रे?"

तो मला विचारत होता. माझ्या हातात फोन होता. एवढंच म्हणायचं होतं, मी लावली. दोन शब्द. मी म्हणालो, "आधी दवाखाना, चल."

माझ्याच गाडीतून बीडला गेलो. मांजरसुंब्याच्या घाटात वहिनी मागं डोळे मिटून कण्हत होत्या आणि तो त्यांचा हात टॉवेलात धरून पुटपुटत होता, "माझ्याच हातानं झालं. पंखा बी लावला, बॅटरी बी ठिवली." मी आरशात बघितलं. त्याच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. मी म्हणालो, "होतं रे असं कधी कधी. माणूस हाय, इसरतो."

मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते ती त्या वाक्यासाठी. गप्प राहिलो असतो तर भित्रा ठरलो असतो. मी तर त्याच्यावर शिक्का मारला.

दवाखान्यात वहिनींना आत नेलं. बाहेर बाकड्यावर बसून मी स्टेटस काढून टाकलं. चार जणांनी बघितलं होतं, कोणाच्या काही ध्यानात आलं नसेल. मग फोनमधला व्हिडिओही पुसला. हात थरथरत नव्हता, हेही सांगून टाकतो.

मनात म्हणालो होतो, वहिनी बऱ्या होऊ देत, मग सांगू. त्या बऱ्या झाल्या. मधलं बोट वाचलं. तर्जनी आखूड झाली आणि टोकाची जाणीव गेली. मशीनवर त्या बसू लागल्या, पण हातशिलाई बंद झाली. बोटाला दिसेना. मग म्हणालो, आता सांगून जखम कशाला उकरायची? दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज संध्याकाळी दुकानात जायचो, चहा प्यायचो, यायचो.

बसवेश्वरनं विमानं आढ्यावरून काढून पोत्यात बांधली. ते मला समजण्यासारखं होतं. पण त्याचं तेवढ्यावर थांबलं नाही. त्याचे वडील धोंडप्पा, ज्यांना तो अण्णा म्हणायचा, साठीनंतर विसरभोळे झाले होते. आधी वस्तू हरवायचे, मग बसस्टँडवरून घरचा रस्ता, आणि शेवटी मुलाचं नाव. बसवेश्वर आता अठ्ठावन्नचा आहे. त्याच्या मनानं घेतलं की आपलंही सुरू झालं, आणि त्याची पहिली खूण म्हणजे ती बॅटरी.

तो कुलूप लावून चार पावलं जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या ठेवू लागला. 'मेन स्विच बंद केला.' 'आश्रुबाची मोटार दिली.' घाबरून काम करणाऱ्या माणसाच्या चुका होतातच, तशा त्याच्याही झाल्या. एका मोटारीची जोडणी उलटी केली, ती उलटी फिरली. गिऱ्हाईक हसून परत घेऊन आलं, पण बसवेश्वरचं तोंड पांढरं पडलं. बीडच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो त्याला. होय, मीच. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मला येत नाही तेवढं याला भराभर येत होतं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, भीती सोडा.

येताना गाडीत तो म्हणाला, "त्यांनी घड्याळ बघितलं. बॅटरी कुठं बघितलीय?"

मी गाडीचा वेग वाढवला.

जूनच्या सुरुवातीला त्यानं मला सांगितलं की दुकान देऊन टाकतोय. वडवणीचा बद्रीनाथ नावाचा मोटार भरणारा गुरुवारी येणार होता, यंत्रासकट सगळं घ्यायला.

"येडा झालास का?" मी ओरडलो. "हातात कसब हाय तुझ्या."

"कसब हाय, पर डोकं न्हाई, शादेव. उद्या मी भरलेल्या मोटारीत करंट उतरला आन् विहिरीवर कुणी चिटकून मेलं तर? मला आठवणार बी न्हाई मी काय केलतं. तुझ्या वहिनीचं नुसत्या बोटावर भागलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुवारी तू जवळ बस. बोलणं काय काय झालं ते ध्यानात ठिव. माझा आता माझ्यावर भरोसा न्हाई, तुझ्यावर हाय."

बुधवारी मी शाळेत काय शिकवलं मला सांगता येणार नाही. लाज, भीती, सगळं होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग होता, आणि तो त्याच्यावर होता. का विश्वास ठेवतोस माझ्यावर, गाढवा? संशय घे की. एकदा तरी विचार की, तू कुठं होतास त्या वेळी?

गुरुवारी सकाळी नऊलाच गेलो. बद्रीनाथ यायला अवकाश होता. बसवेश्वर यंत्र पुसत होता, कोणाच्या तरी घरी मुलगी द्यायची असल्यासारखं.

"बसवेश्वर, बॅटरी मी लावलती."

"कोणती?"

"खंडेनवमीची. दिवे लावून व्हिडिओ काढायचा व्हता. फोन आला, म्हणून तशीच ठिवून बाहेर गेलतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर माया दाटून आली. मला वाटलं होतं तो मारेल. "दुकान जाऊ नये म्हणून बोलायलास व्हय? लई चांगला हाइस बे तू."

"आरं, खरं सांगायलोय!"

"दाव मग व्हिडिओ."

"पुसला."

त्यानं मान हलवली, आजारी माणसाची समजूत काढतात तशी, आणि पुन्हा फडकं घेतलं. आठ महिने मी इतका चांगला मित्र होऊन वागलो होतो की खरं सांगायला गेलो तर तीही माझी भलाई ठरत होती. मी रिमोट, शीळ, हेडमास्तरांचा फोन, सगळं सांगत सुटलो. तो 'हां, हां' म्हणत पुसत होता. अन् मध्येच थांबला.

"पट्टा आवळलता का?"

"कोणता पट्टा?"

"बॅटरीवरचा. चिकटपट्टी असती ती, हलू नये म्हणून आवळायची."

"न्हाई बा. नुसती सरकवली. लगीच काढायची व्हती."

फडकं त्याच्या हातातून खाली पडलं. तो स्टुलावर बसला. "उघडाच व्हता पट्टा," तो म्हणाला. "मी वायर उपसली तवा बघितलतं. पंधरा वर्षांत पट्टा आवळल्याबिगर मी वायर जोडली न्हाई. आठ महिने मी त्या पट्ट्यावर इचार करायलोय. म्हणलं, बॅटरी इसरलो ते इसरलो, पर हाताची सवय बी गेली? म्हंजे अण्णासारखंच झालं."

आणि तो हसायला लागला. रडतही होता, पण हसत जास्त होता. माझी गचांडी धरून त्यानं मला हलवलं. "आरं तू लावलती! भाड्या, तू लावलती! गंगा, आगं गंगा, बाहेर ये! माझं डोकं शाबूत हाय! ह्यानं लावलती!"

त्यानं शिव्या दिल्या त्यासुद्धा वरातीत देतात तशा. मला माफ केलं का, हे विचारायला जागाच उरली नाही. त्याला माझ्या अपराधापेक्षा स्वतःचं डोकं परत मिळालं हे मोठं होतं. मी मूर्खासारखा हसलोसुद्धा.

वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. हातात कापड होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"व्हिडिओ कवा पुसला?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात."

"मी आत असताना?"

"हो."

"म्हंजे तुमचं डोकं ठिकाणावर व्हतं."

बसवेश्वर म्हणाला, "जाऊ दे की आता, गंगा."

"बोटाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "बोट गेलं त्याचं मी तवा बी कुणाला बोलले न्हाई. त्याच दिवशी सांगितलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या, म्हैनाभर दारात उभं केलं नसतं, आन् मिटलं असतं. पर आठ म्हैने ह्या माणसाला मी रोज सकाळी वार इचारलाय. आज कोणता वार हाय, म्हणून. ह्यांनी बरोबर सांगितला की मग मी भाकरी थापायला बसायचे. ह्यांच्या मागं मागं जाऊन गॅस बघितला. माझ्या भावाला फोन करून म्हणलं, तुझ्या दाजीचं मामंजीवानी व्हायलंय. शाण्या माणसाला मी येडं समजून वागवलं. ते आता माघारी कसं घिऊ?"

बसवेश्वरचं हसू थांबलं. वार का विचारतात हे त्याला आजवर कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडं बघून मला समजलं. तो बायकोकडं बघत राहिला, आणि त्या त्याच्याकडं बघेनात.

तेवढ्यात बद्रीनाथ टेम्पो घेऊन आला. बसवेश्वरनं स्वतःला सावरलं, उठून त्याला हाताला धरून बसवलं. दुकान द्यायचं नाही म्हणाला. त्याची फेरी फुकट गेली म्हणून दहादा माफी मागितली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐतवारी माळावर येशील ना बे? विमानं काढतो बाहेर." त्याच्या मनात काही नव्हतं. मी मान डोलावली.

वहिनी चहा घेऊन आल्या. आखूड झालेलं बोट बाजूला ठेवून त्या कप धरतात, मला ते पाठ झालं आहे. बद्रीनाथला म्हणाल्या, "घ्या, दादा." नवऱ्याला म्हणाल्या, "धरा." मग माझ्यासमोर ताटली धरली.

मला सगळं गाव सर म्हणतं. याच घरात फक्त पंचवीस वर्षं मी भाऊजी होतो.

"घ्या, सर," त्या म्हणाल्या.

मी कप उचलला.